सोळाला एक

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा वाटण्या झाल्या. जुन्या जिल्ह्याकडून टेबलं आली, कपाटं आली, दोन जीपगाड्या आल्या आणि बोअर पाडायची एक गाडी आली. मीही तशीच नवी होते. नांदेडच्या पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, वर्गात मुलगी मी एकटीच. वडील रेल्वेत फिटर होते, त्यामुळे पाना-पकड हातात घ्यायला मी कधी लाजले नाही. पण लातूरच्या वर्कशॉपमध्ये कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले तेव्हा तिथल्या माणसांनी मला पहिले तीन महिने फक्त खुर्ची दिली. काम दिलं नाही.

वर्कशॉप म्हणजे गावाबाहेर एक लांबट पत्र्याची शेड. तिथले खरे मालक आमचे मिस्त्री. उदगीरकडचे, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, पांढरी दाढी, डोक्याला कायम एक रुमाल. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायला लागले. ते मला पहिल्या दिवसापासून ‘बाई’ म्हणत. त्यात मान होता, आणि थोडं अंतरही होतं.

पावसानं लागोपाठ दोन वर्षं पाठ फिरवली होती. विहिरी केव्हाच गेल्या होत्या. आधीचे बोअर दीडशे फुटांवर लागायचे, आता अडीचशेच्या खाली जावं लागत होतं, आणि तेही सगळं काळ्या पाषाणातून. त्या बोअरच्या गाडीवर एक मोठा कॉम्प्रेसर होता. तो दाबाची हवा खाली सोडायचा, त्या हवेवर खालचा हातोडा चालायचा आणि दगडाचा चुरा त्याच हवेनं वर उडायचा. गाडी चालवणारं आणि कॉम्प्रेसर फिरवणारं इंजिन एकच, सहा सिलिंडरचं, टर्बोचं. भोक जितकं खोल, तितका वेळ इंजिनाला पूर्ण ताकदीनं ओढावं लागे.

होळीनंतर आठ-दहा दिवसांत ही गाडी दुसऱ्या ट्रकला बांधून वर्कशॉपात आली. ऑपरेटर खाली उतरला आणि म्हणाला, “खल्लास झालं.” एवढंच.

आम्ही इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं. झाकणाखालचं पातळ गॅस्केट तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधे फुंकलं गेलं होतं. तिसऱ्या पिस्टनच्या डोक्यावर जो खड्डा असतो, त्याच्या काठापासून एक तडा थेट बाजूपर्यंत गेला होता. चाचांनी पिस्टन पुसला, उजेडाकडे धरला, बोट फिरवलं.

“बाई, ह्यो एका दिवसात फुटलेला न्हाई. ह्याला रोज थोडा-थोडा मार बसून राहिला व्हता.”

“कशाचा मार?”

“ते तुमी सांगा. शिकलेल्या तुमी हाव.”

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच ऐकायचं होतं, असं मला आज वाटतं. तेव्हा मात्र तो टोमणाच वाटला.

आमच्या विभागाच्या साहेबांना लगेच उपाय हवा होता, आणि तो होताही. बाजारपेठेत, गंजगोलाईजवळच्या एका दुकानात याच इंजिनाचे पिस्टन मिळत होते. चाचा म्हणाले, “उद्या आणू, परवा बसवू. ह्या पिस्टननं इंजिन लई झकास चालू होतंय, अर्ध्या फेऱ्यात.” साहेबांनी मान हलवली. मी म्हटलं, एक दिवस द्या, मला मोजून बघायचंय.

काय मोजायचंय ते सांगते. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. पण ही हवा आधीच दाबून आलेली असते, आणि पिस्टन वर येताना तिला आणखी दाबतो. किती दाबतो, यालाच कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. ते बरंचसं पिस्टनच्या डोक्यावरच्या खड्ड्यावर ठरतं. खड्डा खोल असला की हवेला जागा जास्त, दाब कमी. उथळ असला की दाब जास्त. बिनटर्बोच्या इंजिनाला उथळ खड्डा चालतो, उलट तोच बरा असतो. टर्बोच्या इंजिनाला तोच मारक. इंजिनाचं तेलकट पुस्तक गाडीच्या पेटीत सापडलं. त्यात दोन्ही आकडे दिले होते. टर्बो नसेल तर साडेसतराला एक, टर्बो असेल तर साडेपंधराला एक. दोन्ही इंजिनं बाहेरून सारखी, पिस्टनचा घेर सारखा, आणि खोक्यावरचं नावही जवळपास सारखंच.

मी मेडिकलच्या दुकानातून वीस सीसीची काचेची सिरिंज आणली. दुकानदारानं विचारलं, जनावराला आहे का? मी हो म्हटलं. मग नमुन्याला आणलेला नवा पिस्टन टेबलावर सपाट ठेवून त्याचा खड्डा पातळ तेलानं काठोकाठ भरला. तीन सिरिंजा पुऱ्या आणि वर आठ. म्हणजे अडुसष्ट सीसी. पुस्तकातल्या आकड्यावरून हिशोब केला तर टर्बोला ऐंशी लागत होते. बारा कमी.

मग मला सुचलं, की इंजिनातून निघालेले जुने पिस्टनही भरून बघावेत. पहिला भरला. अडुसष्ट. दुसरा भरला, अडुसष्ट. फुटका सोडून पाचही तेवढेच.

चाचा शेजारी उभे राहून सिरिंजा मोजत होते. पाचवा झाल्यावर त्यांनी रुमाल काढला आणि मान पुसली.

“म्हंजी मागल्या वेळी कुणीतरी हेच बसवले.”

“हो. कुणी आणि कधी, ते कागदावर नाही.”

“मग इतके दिस चाललं कसं?”

“दीडशे फुटांत काम भागत होतं. पूर्ण ताकद अर्धा-पाऊण तास लागायची. आता सहा-सहा तास लागतेय.”

त्यांनी नव्या पिस्टनचं खोकं बंद केलं आणि दोरी बांधली. त्या दिवशी दुपारचा चहा त्यांनी माझ्या टेबलावर स्वतः आणून ठेवला.

आता खरी पंचाईत सुरू झाली. योग्य पिस्टनसाठी हैदराबादला ट्रंक कॉल लावला. तिकडच्या माणसानं सांगितलं, दीड महिना तरी लागेल. साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांच्या टेबलावर गावांची यादी होती आणि दर सोमवारी त्यांना वर उत्तर द्यावं लागे. ते म्हणाले, “मॅडम, तुमचं गणित बरोबर असेल. पण मला दीड महिना सांगता येत नाही. आठ दिवस देतो. आठ दिवसांत गाडी बाहेर पाहिजे, कशीही.”

त्या ‘कशीही’वर आम्ही दोन दिवस डोकं खाजवत बसलो. टर्बो काढून टाकावा, तर ताकद कमी पडून हातोडा दोनशे फुटांखाली चालणार नाही. एकावर एक दोन गॅस्केटं घालून जागा वाढवावी, तर ती फुंकली जाणार. चाचांनीच तिसरी वाट काढली. “बाजारातलेच पिस्टन घेऊ. लेथवर खड्डा खोल करू. हैदराबादला असताना ट्रकला आमी केलेलं हाय.”

“किती दिवस चालले होते ते?”

चाचा हसले. “ट्रक इकून टाकला मालकानं.”

खड्डा खोल करायचा म्हणजे पिस्टनचं डोकं पातळ करायचं. किती पातळ चालेल हे बाहेरून दिसत नाही. म्हणून आम्ही तो फुटका पिस्टन व्हाइसमध्ये धरून हॅक्सॉनं उभा कापला. अर्धा चाचांनी, अर्धा मी. दोन फाकी पडल्यावर खड्ड्याखाली जाडी मोजली. चौदा मिलिमीटर. बारा सीसी जागा काढायची तर जवळपास चार मिलिमीटर कोरावे लागणार होते. खाली दहा उरत होते. पुरतील का? पुस्तकात असलं काही दिलेलं नसतं. पुस्तक लिहिणाऱ्यांनी असला उद्योग कुणी करेल हे धरलेलंच नसतं.

त्याच दिवशी दुपारी तीन बायका एसटीनं वर्कशॉपला आल्या. औशाच्या पलीकडच्या एका गावाच्या कडेच्या वस्तीतल्या. गाडी मोडली तेव्हा त्यांच्याकडेच निघाली होती. शिपायानं त्यांना साहेबांकडे पाठवलं, साहेब बाहेर गेले होते, म्हणून त्या शेडमध्ये आल्या. त्यातल्या वयस्क बाईनं माझ्याकडे बघितलं, हातातल्या कापलेल्या पिस्टनकडे बघितलं.

“हे व्हय अडलेलं?”

“हो मावशी.”

मी त्यांना दाखवलं. खड्डा कमी खोल आहे, त्यामुळे फुटतंय, तो खोल करावा लागेल आणि त्याला दिवस लागतील. त्यांनी खड्ड्यात बोट घालून फिरवलं.

“एवढ्यासाठी?”

“एवढ्यासाठीच.”

बोट पदराला पुसत म्हणाल्या, “टँकर चार दिसानं येतंय माय. आनखी चार दिस काढू. पर आमच्याकडं येऊन मधीच मोडायला नगं. गाडी एकदा माघारी गेली की आमच्या वस्तीचा लंबर पुना कधी लागंल, ते आमाला ठाऊक हाय.”

त्यांच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात बाबासाहेबांचं छोटं चित्र होतं. वस्ती आमच्याच समाजाची होती. माझ्या आईनं लहानपणी गावच्या विहिरीपाशी घागर घेऊन, दुसऱ्या कुणी वरून पाणी ओतावं म्हणून वाट पाहिलेली. हे मी वर्कशॉपात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. या वस्तीसाठी मी घाई करते असं कुणी म्हणू नये, म्हणून मी त्या बायकांशी गरजेपेक्षा जास्तच कोरडं बोलले. चहाही विचारला नाही. चाचांनी विचारला.

त्या गेल्यावर मी वही घेऊन बसले. बारा सीसी काढले तर दाब पुस्तकाप्रमाणे, पण डोकं पातळ. काहीच नाही काढलं तर डोकं जाड, पण दाब फोडणार. मधला आकडा धरायचा होता. आठ काढले तर सोळाला एक येत होतं, आणि खड्ड्याखाली साडेअकरा मिलिमीटर उरत होते. बाकीचं इंजिनाला कमी खायला घालून सांभाळायचं, म्हणजे डिझेलचा पंप थोडा कमी करायचा. सोळा. मी तो आकडा तीनदा खोडला आणि तीनदा लिहिला. चाचांना दाखवला. त्यांनी फक्त विचारलं, “सही तुमची?”

“माझी.”

“मग चला.”

लातुरात लेथ पुष्कळ होते, डाळ मिलचे शाफ्ट करणारे. पण अर्ध्या मिलिमीटरच्या आत सहाही खड्डे सारखे करायचे तर मला नांदेडचा आमच्या पॉलिटेक्निकचा लेथ हवा होता, आणि आमचे सर हवे होते. बाजारातून आणलेले सहा पिस्टन वर्तमानपत्रात गुंडाळले, दोन पिशव्यांत भरले आणि सकाळच्या एसटीनं निघाले. अहमदपूर, लोहा करत दुपारी नांदेड. कंडक्टर म्हणाला, “बाई, पिशवीत दगडं हायत का?” रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतं उघडी पडलेली. लोह्याच्या स्टँडवर लोक टँकरमागं पळत होते. मी पिशव्या पायांत धरून बसले होते.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी नाही म्हटलं. “पिस्टन असे कोरायचे नसतात. तू थांबायला पाहिजे.”

“सर, मला थांबता येतं. गावांना येत नाही.”

“मग बारा का नाही? करायचंच तर पुरतं कर.”

मी कापलेल्या पिस्टनची फाक पिशवीतून काढून समोर ठेवली. सरांनी कॅलिपर घेतला, चार ठिकाणी मोजलं, खिडकीकडे जाऊन पुन्हा मोजलं. परत आले ते शर्टाच्या बाह्या वर करतच. “आठ ठीक आहे,” म्हणाले. “पण काठ धारदार ठेवायचा नाही. तडा काठापासूनच सुटतो.” त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी स्वतः लेथ चालवला. एक खड्डा झाला की मी सिरिंजनं भरून मोजायची. चौथा पिस्टन सत्त्याहत्तरवर गेला. एक सीसी जास्त. सर चिडले, स्वतःवर. तो तसाच ठेवला. मग काठ बारीक पॉलिश पेपरनं हातानं गोल करत बसलो दोघं. सहा पिस्टन, संध्याकाळपर्यंत बोटांची साल गेली.

नांदेडातल्याच आमच्या घरी वडिलांनी पिस्टन बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, “वजन सारखं हाय का?” ते मी विसरलेच होते. कमी-जास्त वजनाचे पिस्टन इंजिन हलवून टाकतात. वडील मला कॉलनीतल्या किराणा दुकानात घेऊन गेले. तिथल्या तराजूच्या एका पारड्यात एक पिस्टन, दुसऱ्यात दुसरा. साखर घ्यायला आलेल्या बायका थांबून बघायला लागल्या. एकीनं विचारलं, “हे कशाचं गाडगं हो?” वडिलांनी अगदी गंभीरपणे सांगितलं, “इंजिनाचं.” जे जड निघाले त्यांना वडिलांनी रात्रीच्या जेवणाआधी ओट्यावर बसून आतल्या बाजूनं कानशीनं घासलं. मला हात लावू दिला नाही.

लातूरला परतल्यावर चाचांनी इंजिन दोन दिवसांत जोडलं. डिझेलच्या पंपाचा स्क्रू पाव फेरा कमी केला आणि त्याला तार ओवून शिशाचं सील ठोकलं, म्हणजे ऑपरेटरनं ताकद वाढवायचा मोह धरू नये. सातव्या दिवशी सकाळी चालू केलं. पहिल्या वेळी धरलं नाही, नुसता पांढरा धूर. शेडमधली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. दुसऱ्या वेळी धरलं. धूर हळूहळू निवळला. चाचांनी इंजिनाच्या अंगावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

“बोला ना चाचा.”

“बोलायचं काय. चालून राहिलं.”

पहिला बोअर त्या वस्तीतच. मीही चाचांबरोबर जीपमधून गेले. ऑपरेटरला मी लिहून दिलं होतं, दोनशे फुटांपुढं दर तासाला वीस मिनिटं इंजिन मोकळं फिरवायचं. त्याला ते पटलं नव्हतं. वस्तीतली माणसं कडुलिंबाखाली बसून होती. शंभर फूट कोरडं. दोनशे कोरडं. पांढरी धूळ सगळ्यांच्या केसांवर, भुवयांवर. दोनशे चाळीसला चुऱ्यात ओल दिसली आणि सगळे उठून उभे राहिले. नेमका तेव्हाच तास भरला.

“थांबवा,” मी म्हटलं.

ऑपरेटर ओरडला, “बाई, आता? ओल लागलीय!”

वस्तीतला एक माणूस पुढं आला आणि हात जोडून उभा राहिला. त्याच्याकडे मला बघवेना. मी चाचांकडे बघितलं. ते इंजिनापाशी गेले, हेडच्या जवळ हात नेला आणि चटकन मागं घेतला. “तापलंय. बाई बरोबर हायत. ईस मिंटं.” मग त्या माणसाला म्हणाले, “पाणी कुठं पळत न्हाई भाऊ. बसा.”

ती वीस मिनिटं मी घड्याळाकडे न बघता काढायचा प्रयत्न केला. वर्कशॉपात आलेल्या त्या वयस्क बाई तांब्या घेऊन आल्या. तळाशी चार घोट टँकरचं पाणी. मी नको म्हटलं. “घे माय,” त्या म्हणाल्या, “तुमी बी उन्हात हाव.” मी घेतलं. त्यांना चहासुद्धा विचारला नव्हता हे आठवून मान खाली गेली. मग मी त्यांना माझ्या आईचं गाव सांगितलं. त्यांनी ते ऐकलं, मान हलवली आणि रिकामा तांब्या माझ्या हातातून घेतला.

पुन्हा चालू केल्यावर दोनशे सत्तरला पाणी लागलं. उंच फवारा वगैरे काही नाही. मनगटाएवढी गढूळ धार, पण ती थांबली नाही. मोटार चालेल एवढं ते पाणी नव्हतं, हापशापुरतं होतं. आठवड्यात तिथं हापसा बसला.

त्या उन्हाळ्यात त्या इंजिनानं एकही बोअर अर्धवट सोडला नाही. कोरडे बरेच गेले, तो दोष इंजिनाचा नव्हता. योग्य पिस्टन पावसाळा सुरू झाल्यावर हैदराबादहून आले. आम्ही इंजिन पुन्हा उघडलं. पाच पिस्टन ठीक होते. चौथ्याच्या काठाला केसाएवढी बारीक रेघ दिसली. ज्याचा एक सीसी जास्त गेला होता, तोच. मी तो हातात घेऊन बसले. पातळ झाला म्हणून तडकला की दाब अजून जास्तच होता म्हणून, ते मला सांगता आलं नाही. आजही येत नाही. आणखी एक महिना तो चालला असता का, हेही नाही.

चाचांनी भिंग लावून बघितलं. “उन्हाळा काढला त्यानं,” म्हणाले. “बास.”

नवे पिस्टन बसले, साडेपंधराला एक. पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर. फक्त हिवाळ्यात सकाळी इंजिन चालू होता होईना. दाब कमी, थंडी, त्यामुळे डिझेल पेटायला वेळ लागायचा. ऑपरेटर चिंधी पेटवून हवेच्या तोंडाशी धरायचा, माझ्या नावानं बोटं मोडायचा, मग एकदाचं ते धरायचं. चाचा तोवर निवृत्त होऊन उदगीरला गेले होते. ऑपरेटरची तक्रार साहेबांमार्फत माझ्याकडे लेखी आली. मी त्यावर लिहिलं की या इंजिनाला थंडीत चालू व्हायला वेळ लागणारच, तेवढा द्यावा, आणि कागद परत पाठवला.